माने तात्यांच्या कॅसेटी

माने तात्यांना मी कधी खेळताना पाहिलं नाही. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात, त्यांच्या दोनशेच्या वर व्हिडिओ गेमच्या कॅसेटी होत्या. पूर्वी भिंगं ठेवायचे त्या लाकडी खणांत ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीखाली एक चिठ्ठी. नवी कॅसेट हाती आली की ते ती पुसायचे, तिचं वजन करायचे आणि कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीच्या खेळयंत्रात घालायचे. पडद्यावर खेळाचं नाव आलं, सुरुवातीची धून एकदा वाजून झाली की बटण बंद.

"खेळत का नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"येत न्हाई, मॅडम. तीनदा बगितलं खेळून. तिन्ही टायमाला खड्ड्यात पडून मेलो. मग म्हटलं, आपलं आपन काम बघावं."

ही नव्वद सालानंतरची वर्षं. मी फिजिक्स शिकवत होते आणि तात्या आमचे प्रयोगशाळा सहायक होते. हजेरीपटावर ज्ञानदेव माने, पण प्राचार्यांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना तात्या म्हणत. सैन्यात वीस वर्षं सिग्नलमध्ये काढून ते परत आले होते. गाव रहिमतपूरजवळ. बायको, भाऊ, शेत सगळं तिकडे. हे इथे खणभागात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या पॅसेंजरनं घरी जायचे. सोमवारी सकाळी पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी हजर.

अंगानं वाळके, मिशी बारीक कातरलेली, खाकी पँट आणि अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात दोन पेनं असायची. त्यातलं एक पेन नव्हतंच. अस्सल कॅसेटीचे स्क्रू साध्या पान्यानं निघत नाहीत, त्यांच्या डोक्याला वेगळाच आकार असतो. तात्यांनी बॉलपेनची रिकामी नळी मेणबत्तीवर मऊ करून त्या स्क्रूवर दाबली होती. थंड झाल्यावर नळीच्या टोकाला तो आकार उमटला आणि तोच त्यांचा पाना झाला. पुष्कळदा ते हजेरीपटावर सही करायला तेच पेन काढायचे आणि मग स्वतःवरच वैतागायचे.

"दमलो बगा" हे त्यांचं पालुपद. पण ते तक्रारीच्या सुरात नसे. दुसरा माणूस "बरं का" म्हणतो तसं ते म्हणायचे. "दमलो बगा, ती बॅटरी आज चार्ज करायची ऱ्हायली." खरं सांगायचं तर त्या वर्षांत आम्ही सगळेच दमलेले होतो. तुकड्या वाढत होत्या, माणसं वाढत नव्हती. एकेका टेबलावर सहा सहा मुलं एक प्रयोग करायची, म्हणजे एक करायचा आणि पाच जण आकडे उतरवून घ्यायचे. संध्याकाळी तात्या कपाटांना कुलपं लावत आणि मी जर्नलांचा गठ्ठा पिशवीत भरत असे. बोलायला कोणाकडेच काही उरलेलं नसायचं. त्या तशा अर्ध्या तासात, तुटक तुटक, मला त्यांच्या कॅसेटींची गोष्ट कळत गेली.

सैन्यात असताना एका मेजरसाहेबांच्या बंगल्यावरून त्यांना बोलावणं आलं होतं. साहेबांनी परदेशातून खेळयंत्र आणलं होतं आणि त्यातली एक कॅसेट चालत नव्हती. तात्यांनी तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, कॅसेट चालली. दुसरी मात्र काही केल्या चालेना. साहेबांची बदली झाली तेव्हा ती मेलेली कॅसेट बाईसाहेबांनी ह्यांना देऊन टाकली. पेनच्या नळीचा पाना तेव्हाच जन्माला आला.

"उघडली आन् बगत ऱ्हायलो," ते म्हणाले. "मॅडम, झाकन लावल्यावर जी जागा कुनाला दिसनार न्हाई, तिथं बी त्या मानसानं शिशाचा टाका सरळ घातलावता. मी तवा पंधरा वर्सं असलेच डाग देत हुतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली."

सुरुवात त्या मेलेल्या कॅसेटीपासून झाली. निवृत्त होऊन सांगलीला आल्यावर ते मिरजेच्या भंगारबाजारात जाऊ लागले. बंद पडलेल्या गेम पार्लरांतून, आखातातून परतलेल्या लोकांच्या माळ्यांवरून, जिथून मिळतील तिथून कॅसेटी येत. त्या काळात आपल्याकडे घरोघर ज्या कॅसेटी होत्या त्यातल्या बहुतेक नकली होत्या. हे लोकांना माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी कोणाचं काही अडत नव्हतं. खेळ चालला म्हणजे झालं. तात्यांचं अडायचं. नकली कॅसेट उघडली की आत काळ्या लाखेचा एक थेंब टाकलेला असतो आणि त्याच्याखाली सगळा कारभार लपवलेला. अस्सल कॅसेटीत प्रत्येक चिप वेगळी दिसते, तिच्यावर आकडे असतात, चिपा बसवलेल्या पट्टीवर बनवणाऱ्याची खूण असते. तात्यांच्या वहीत तीनच शेरे होते: अस्सल, नक्कल आणि नकलेची नक्कल.

वजन ते आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर करायचे. मिलिग्रॅमपर्यंत. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा रागावले होते. तो तराजू फक्त परीक्षेलाच काढायचा असा दंडक होता. तात्या म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं ह्याच्यावर खोटे आकडे लिवत्यात. मी खरे लिवतो. तराजूला बरं वाटत असंल."

त्यांच्या चिकाटीचा एक नमुना सांगते. त्या वेळी एक कॅसेट फार चालायची, तिच्यावर लिहिलेलं असायचं की आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत. दुकानदारही तेच सांगायचा आणि घेणाऱ्याला ते पटायचं, कारण यादी पडद्यावर खरंच पानामागून पान सरकत राहायची. तात्यांनी ती यादी तपासायला घेतली. एकेक क्रमांक लावायचा, काय येतं ते बघायचं, वहीत टिपायचं, पुढचा. गावाला न जाता तीन रविवार ते प्रयोगशाळेत बसले. तिसऱ्या सोमवारी मी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झालेले होते.

"सात हैत," ते म्हणाले.

"काय सात?"

"खेळ. एकंदर सात. बाकी नुसती नावं."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "कुनीतरी बसून येवढी नावं टाकली असतील मॅडम. त्येला बी पगार मिळाला आसंल," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

लोक त्यांच्याकडे कॅसेटी घेऊन यायला लागले. कोणी कुतूहलानं, कोणी चार पैसे सुटतात का बघायला. किंमत विचारली की तात्या ती लगेच सांगत नसत. आधी विचारायचे, "कुटनं आली? कुनी खेळली?" उत्तर ऐकून घेतल्याशिवाय पाना खिशातून निघायचा नाही. कॅसेटीच्या तोंडात फुंकर मारायची सगळ्यांनाच सवय होती. त्यांच्यासमोर कोणी फुंकर मारली तर ते कॅसेट काढून घेत, स्पिरिटचा बोळा फिरवत आणि म्हणत, "थुकी जाती आत. दात गंजत्यात." वाक्य रोजचंच, आवाज चढलेला नसे.

मुंबईचे सेठना नावाचे एक पारशी गृहस्थ पत्रानं त्यांच्या ओळखीचे झाले होते. ते मोठे संग्राहक होते, परदेशातल्या लोकांशी त्यांची देवाणघेवाण चाले. तात्या त्यांना सैन्यातल्या इंग्रजीत पोस्टकार्डं लिहायचे: सर, आयटम तपासला, आयटम जेन्युइन आहे, पुढील हुकूम कळवावा. सेठनांनी एकदा त्यांना एका परदेशी मासिकातलं पान पाठवलं. त्यावर एका सोनेरी रंगाच्या कॅसेटीचं चित्र होतं. जपानात कुठल्याशा स्पर्धेत जिंकलेल्यांनाच ती दिली होती, दुकानात कधी आलीच नव्हती. तात्यांनी ते चित्र कापून आपल्या खिशातल्या डायरीत ठेवलं. दर महिन्याला मिरजेला जाताना ते चित्र बरोबर असायचं. "सापडनार न्हाई ते म्हाईत हाय," ते म्हणत. "पन बघायला काय जातंय."

ह्या पारखीनं त्यांचं एकदा चांगलंच नुकसान केलं. आमच्या संस्थेच्या कमिटीवर एक बांधकाम ठेकेदार होते. त्यांनी नातवासाठी मुंबईहून भारी कॅसेट आणली होती, जपानी अस्सल म्हणून. प्राचार्यांच्या खोलीत चार पाहुणे बसलेले असताना त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं आणि कॅसेट टेबलावर ठेवली.

"सांगा तात्या, कशी आहे."

तात्यांनी ती हातात तोलली. "साहेब, उघडावी लागंल."

"उघडा की."

पाना फिरला, झाकण निघालं. तात्यांनी आत पाहिलं आणि झाकण परत लावायला घेतलं. "नक्कल हाय, साहेब."

"नीट बघा," ठेकेदार म्हणाले.

तात्यांनी पुन्हा उघडून नीट पाहिलं. "नक्कल न्हाई," ते म्हणाले. ठेकेदारांचा चेहरा जरा सैल झाला. "नकलेची नक्कल हाय."

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं. तात्यांना ते हसू महागात पडलं. आठ दिवसांनी हुकूम निघाला आणि तात्यांची बदली तळमजल्यावर, परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात झाली. मी प्राचार्यांशी बोलायचं ठरवलं होतं. बोलले नाही. पेपर तपासायचे होते, घरी सासूबाईंचं आजारपण होतं, आणि खरं कारण एवढंच की भांडायची ताकद नव्हती. पाच महिने तात्या त्या कोंदट खोलीत गठ्ठे मोजत बसले. इकडे एकही प्रयोग धड होईना, तेव्हा कोणालाच काही न सांगता त्यांना वर आणलं गेलं.

"अस्सल म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" मी त्यांना विचारलं.

ते खोकत होते. गोदामातल्या धुळीनं तो खोकला लागला होता. म्हणाले, "आज त्येला अस्सल म्हटलं, तर उद्या जिची खरंच अस्सल हाय तिला काय म्हनू?"

ती 'जिची' त्याच वर्षी आली.

कराडजवळच्या मलकापूरच्या शालनताई. एका शनिवारी सकाळी एसटीनं आल्या, बरोबर मुलगी सुरेखा, नुकतीच बारावी झालेली. शालनताईंचे यजमान विलास मालवाहू बोटीवर फिटर होते. वर्षभरापूर्वी तिकडेच तापानं गेले. कंपनीकडून पत्र आलं आणि काही महिन्यांनी त्यांची ट्रंक आली. ट्रंकेत कपडे, दाढीचं सामान, एक खेळयंत्र आणि अकरा कॅसेटी. कराडच्या एका दुकानदारानं सगळं मिळून भंगारात घेतो म्हणून सांगितलं होतं. शालनताईंच्या भावाला तात्यांचं नाव कुठूनतरी कळलं, म्हणून त्या आल्या होत्या.

तात्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. कुठून आल्या, कोण खेळायचं.

"तेच खेळायचे," शालनताई म्हणाल्या. "बोटीवर दुसरं काय करनार. आठ आठ म्हयने पानी बगायचं."

पिशवीतून एकेक कॅसेट टेबलावर आली. सातवी सोनेरी होती.

मी शेजारच्या टेबलावर जर्नलं तपासत होते. तात्यांचा हात थांबला तसं माझंही पेन थांबलं. ते उठले, बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले, रुमालानं नीट कोरडे केले. मग ती कॅसेट उघडली. बराच वेळ आत पाहत राहिले. डायरी खिशातच होती, ती त्यांनी काढली नाही.

शालनताईंना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "तुमाला आवडली आसंल तर घेऊन टाका, तात्या. तुमी येवढा येळ दिला. आमाला त्येचं काय करायचंय?"

प्रयोगशाळेत आम्ही चौघेच होतो. तात्यांनी झाकण लावलं, चारी स्क्रू पिळले आणि कॅसेट शालनताईंसमोर सरकवली.

"पोरगी पुढं काय शिकनार?"

"नर्सिंगला जायाचं म्हनती. पन ते काय आमाला..."

"ह्या कॅसेटीत तिचं नर्सिंग हाय," तात्या म्हणाले. "कराडच्या मानसाला दावू बी नका."

त्याच दुपारी सेठनांना तार गेली. त्या शनिवारी तात्या गावाला गेले नाहीत. शालनताईंकडून त्यांनी एकच मागितलं, एक दिवस कॅसेट ठेवू द्या. रविवारी त्यांनी तिचं वजन केलं, वहीत लिहिलं, टीव्हीला लावली, नाव पाहिलं, धून ऐकली आणि बंद केली. सोमवारी मला म्हणाले, "बगितली." पुढच्या आठवड्यात सेठना स्वतः आले, शालनताईंसमोर भिंग लावून कॅसेट पाहिली आणि घेऊन गेले. जी रक्कम शालनताईंना मिळाली ती माझ्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास होती. सुरेखाचा प्रवेश झाला.

इथे गोष्ट संपली असती तर तात्यांचं मला नुसतं कौतुक वाटत राहिलं असतं.

शालनताईंनी ठेवून गेलेल्या उरलेल्या दहा कॅसेटी तात्या एकेक करून तपासत होते. त्यातली एक साधीच होती, बाजारात तिला काही किंमत नव्हती. पण ती अशा प्रकारची होती की अर्धवट राहिलेला खेळ तिच्यात साठवून ठेवता येतो. त्यासाठी आत एक छोटी गोल बॅटरी असते. बॅटरी आहे तोवर साठवलेलं राहतं. तात्यांनी ती लावली, तेव्हा पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिलीत विलास हे नाव इंग्रजी अक्षरांत. दुसरीत शालू. तिसरी रिकामी.

शालनताईंना बोलावून घेतलं. त्या टीव्हीसमोर स्टुलावर बसल्या. सुरेखानं त्यांना अक्षरं वाचून दाखवली.

"शालू मला कुनी म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "तेच म्हनायचे. ते बी घरात कुनी नसताना."

तात्यांनी वहीवरून समजावून सांगितलं. विलासच्या नावाचा खेळ तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेला होता. शालूच्या नावाचा अकराव्या. म्हणजे स्वतःच्या नावानं थोडंसं खेळून त्या माणसानं पुढचे सगळे महिने बायकोच्या नावानं खेळ चालवला होता. शालनताई पदर तोंडाला लावून पडद्याकडे पाहत राहिल्या.

बॅटरी मात्र संपत आली होती. महिना, फार तर दोन. तात्या म्हणाले, बदलून देतो, पण जपून करावी लागेल. जुनी काढल्यापासून नवी बसेपर्यंत आतल्या चिपला दुसरीकडून वीज मिळत राहायला हवी, एक क्षणही खंड पडता कामा नये. त्यांनी दोन पेन्सिल सेल आणि वायरी काढून ठेवल्या होत्या. सैन्यात असंच करायचे.

मायलेकी कॅसेट ठेवून घरी गेल्या, आणि काम करायच्या दिवशी मी मध्ये बोलले. सेलच्या वायरीचा सांधा हलला तर घोटाळा होईल, असं मी म्हणाले. आपल्याकडे नवा रेग्युलेटेड सप्लाय आला आहे, त्यावर लावा, व्होल्टेज एकसारखं राहील, मीटरवर दिसत राहील. मी फिजिक्सची एम.एस्सी. होते. तात्यांनी सेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनता तर तसं करू," ते म्हणाले.

दुपारचे चार वाजले होते. आमच्या भागात वीज जायची ती सकाळी, दुपारी कधी जात नसे. तात्यांनी सप्लायच्या वायरी जोडल्या, मीटरचा काटा तीनवर स्थिर झाला. जुनी बॅटरी सोडवली. ती चिमट्यानं बाजूला ठेवून नवी उचलली, आणि डोक्यावरचा पंखा हळू व्हायला लागला.

आधी मला कळलंच नाही. मग मीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर टेकला होता. तात्यांच्या हातातली, शिसं वितळवायची डागणी अजून गरम होती. त्यांनी घाई केली नाही. बॅटरी जागेवर ठेवली, दोन्ही टाके घातले, सरळ, नेहमीसारखे. पंखा पुरता थांबला होता. आम्ही तिथेच बसून राहिलो. तासाभरानं वीज आली तेव्हा त्यांनी कॅसेट लावली. तीन ओळी आल्या. तिन्ही रिकाम्या.

"पोस्टकार्ड टाकूया का?" मी म्हणाले.

"न्हाई. जाऊन सांगतो."

"मीही येते."

त्यांनी नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही कराडची एसटी पकडली. वाटेत त्यांच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली कॅसेट होती.

शालनताईंचं घर मलकापुरात रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या, पाणी आणलं. तात्यांनी पाण्याला हात लावला नाही. उभ्यानंच म्हणाले, "ताई, नावं गेली. बॅटरी बदलताना लाईट गेली. चूक माझी हाय. माझ्याकडं सेल हुते, मी ते लावले न्हाईत."

मी तोंड उघडणार होते. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त हाताचा पंजा जरासा हलवला, आणि मी गप्प राहिले.

शालनताई खाली बसल्या. सुपातली ज्वारी थोडा वेळ बोटांनी इकडची तिकडे केली. मग म्हणाल्या, "तुमी एवढ्यासाठी सांगलीस्नं आलाय?"

"व्हय."

"ते गेले तवा नुसतं पत्र आलं हुतं," त्या म्हणाल्या. "पोस्टमननं वाचून दावलं. कंपनीतलं कुनी आलं न्हाई. कवा, कसं, कुनाला इचारायचं ते बी म्हाईत न्हवतं मला. तुमी आलाय. बसा. चहा ठेवते."

तात्या बसले. चहा झाला, तोही त्यांनी घेतला. निघताना शालनताईंनी ती रिकामी कॅसेट ठेवून घेतली, फळीवरच्या डब्यांच्या मागे.

परतीच्या एसटीत इस्लामपूरच्या पुढे मी म्हणाले, "तात्या, सप्लायचं मी सांगितलं होतं. तुम्ही मला बोलू द्यायला हवं होतं."

त्यांनी डोळे मिटले होते. तसेच म्हणाले, "तुमी सांगितलं. ऐकायचं का न्हाई ते माझ्याकडं हुतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तुमी सांगून तिला काय मिळालं असतं? दोन मानसांवर राग धरत बसली असती." आणि मग सांगली येईपर्यंत झोपले, किंवा झोपल्यासारखे राहिले.

त्यानंतर ते मिरजेला जायचे थांबले. लोक कॅसेटी घेऊन येत, ते पाहून देत, शेरा सांगत, पण कुठून आली, कोण खेळलं, हे विचारणं बंद झालं. निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा सेठना पुन्हा आले. त्यांना सगळा संग्रह हवा होता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कॅसेटींचं मोल अचूक सांगणाऱ्या तात्यांना त्यांनी विचारलं, "माने, तुमची किंमत सांगा."

तात्या खण बाहेर काढत होते. म्हणाले, "तुमीच लावा, साहेब. मला आता ते जमनार न्हाई."

सेठना भले गृहस्थ होते, त्यांनी कमी लावली नसावी. तात्यांनी आकडा ऐकला आणि मान हलवली. दोनशेच्या वर चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हातानं कॅसेटींना दोऱ्यानं बांधून दिल्या. पहिली, ती मेजरसाहेबांची मेलेली, तिलाही चिठ्ठी बांधली. मला वाटलं होतं, निदान ती ठेवतील.

त्यांच्या निरोप समारंभाला मी दोन वाक्यं बोलले आणि बसले. नारळ आणि शाल घेऊन ते दुपारच्या गाडीनं गेले.

दोन वर्षांनी साताऱ्याला प्रॅक्टिकल परीक्षक म्हणून जायचं होतं. येताना वाटेत रहिमतपूरला उतरले. घर विचारत गेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "रानात हैत. आज कॅनॉलच्या पान्याची पाळी हाय आमची." त्यांनी वाट दाखवली.

तात्या बांधावर बसले होते, चपला बाजूला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, जाड काळा चष्मा होता. मी अगदी जवळ गेले तेव्हा ओळखलं. "मॅडम, बसा. पानी अजून वरच्या रानात हाय. तीनला आमच्याकडं सुटंल."

मी बसले. ऊस कमरेएवढा होता. कॉलेजचं विचारून झालं, तेही थोडक्यात. सुरेखा कोल्हापूरला एका दवाखान्यात लागल्याचं मी सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. शालनताईंचं दिवाळीला पत्र येतं म्हणाले.

"कॅसेटींची आठवण येते का?" मी विचारलं.

"येती की." ते पाटाकडे पाहत होते. "पन आठवन काढायला बी दम लागतो, मॅडम. हितं बरं हाय. कुनी काय दावायला आनत न्हाई."

मग आम्ही पाण्याची वाट पाहत बसलो. मला वाटतं अर्धा तास तरी. वरून कोणीतरी हाक दिली. कोरड्या पाटाच्या तळाशी पालापाचोळा ढकलत पाणी आलं. तात्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, फावडं घेतलं आणि सरीच्या तोंडाची माती दोन घावांत काढली. पाणी पहिल्या सरीत वळलं. ते सरीबरोबर चालत गेले, वाकून, कुठे अडतंय ते बघत.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी हाक मारून निघते म्हणाले. त्यांनी फावड्यासकट हात वर केला, पण मान वळवली नाही. पाणी दुसऱ्या सरीत शिरत होतं.